हार्लेममध्ये जन्मलेला पोरगा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री कसा झाला: कॉलिन पॉवेल यांचा प्रवास सोप्या भाषेत

कॉलिन पॉवेल म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना २००३ चा तो सीन आठवतो, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बसलेला, हातात पांढऱ्या पावडरची छोटी बाटली धरून इराककडे काय काय लपवलंय ते जगाला सांगणारा अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री. त्याच्या आधीचं आयुष्य फारसं कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी एका ओळीत, गरीब घरातला पोरगा, मेहनत केली, मोठा झाला. मेहनत केली हे खरंच आहे. पण त्या काळात न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये मेहनत करणारी पोरं काही कमी नव्हती. मग हाच का वर गेला, आणि मुळात वर्दीतला माणूस सरकारात इतक्या वरपर्यंत पोचतो कसा, आपल्याकडे तर जनरल रिटायर झाला की राज्यपाल होतो नाहीतर निवडणूक लढवतो, मग तिकडची सिस्टीम चालते तरी कशी, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगतो: पॉवेल यांच्या गुणांइतकाच मोठा वाटा सरकारी पैशाने चालणाऱ्या एका कॉलेजचा, सैन्यातला भेदभाव बंद करणाऱ्या एका आदेशाचा आणि बरोबर वेळेला बदललेल्या एका कायद्याचा आहे.

आता सुरुवातीपासून बघू.

पॉवेल यांचा जन्म ५ एप्रिल १९३७ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. आईवडील दोघंही जमैकातून आलेले. वडील ल्यूथर कपड्यांच्या धंद्यात शिपिंग क्लार्क, आई मॉड शिवणकाम करायची. घर पुढे साउथ ब्रॉन्क्समध्ये, हंट्स पॉइंट भागात गेलं, तिथे ज्यू, इटालियन, पोर्तो रिकन, काळे सगळे एकमेकांना चिकटून राहणारे. शाळेत असताना पॉवेल लहान मुलांचं फर्निचर विकणाऱ्या एका दुकानात काम करायचे, मालक रशियातून आलेला ज्यू, त्यामुळे थोडीफार यिडिश भाषा येऊ लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेप्सीच्या बॉटलिंग प्लँटमध्ये फरशी पुसायचं काम केलं, पुढच्या वर्षी तिथेच बाटल्या भरायच्या मशीनवर आणि सुट्टी संपेपर्यंत डेप्युटी फोरमन. हा किस्सा ते स्वतः आवडीने सांगायचे. अभ्यासात मात्र ते साधारणच होते, हुशार म्हणून कुणी नाव घ्यावं असं काही नव्हतं, आणि मला वाटतं ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पुढचं सगळं मार्कांवर ठरलं असतं तर हा माणूस कुठेच पोचला नसता.

इथे पहिली मोठी गोष्ट येते, सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क. १८४७ मध्ये फ्री अकॅडमी म्हणून सुरू झालेलं हे कॉलेज, कामगारांच्या आणि स्थलांतरितांच्या पोरांना फुकट शिकता यावं म्हणून शहराने चालवलेलं. पॉवेल यांना न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतही ॲडमिशन मिळत होती, पण तिकडे वर्षाला ७५० डॉलर आणि इकडे १० डॉलर, घरात चर्चा फार लांबली नाही. आधी इंजिनिअरिंगला गेले, ते जमलं नाही, मग जिऑलॉजी घेतलं, तिथेही सरासरी सी ग्रेडच. एकाच विषयात ए मिळत गेला आणि तो म्हणजे आरओटीसी.

आरओटीसी म्हणजे काय ते सांगतो, कारण पूर्ण प्रवासाची चावी इथे आहे. अमेरिकेत आर्मीचा ऑफिसर व्हायचे मुख्य रस्ते तीन. एक, वेस्ट पॉइंट ही लष्करी अकॅडमी, आपल्या एनडीए-आयएमएसारखी, त्या काळात तिथे जायला खासदाराची शिफारस लागायची, अजूनही बहुतेकांना लागते, म्हणजे जमैकन शिपिंग क्लार्कच्या पोराला ते लांबच. दोन, आधी साधा सैनिक म्हणून भरती होऊन मग ऑफिसरचं ट्रेनिंग. आणि तीन, साध्या कॉलेजात डिग्री करता करता लष्करी ट्रेनिंग घ्यायचं आणि पदवीबरोबर कमिशनही, म्हणजे ऑफिसर म्हणून नेमणूकही, घ्यायची, हे आरओटीसी. आपल्याकडे जवळचं उदाहरण म्हणजे एनसीसी, सी सर्टिफिकेट असेल तर स्पेशल एंट्रीतून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला जाता येतं, पण तिकडे याचं प्रमाण खूप मोठं आहे, आर्मीतले बरेचसे ऑफिसर याच वाटेने येतात. पॉवेल तिथल्या ड्रिल टीममध्ये इतके रमले की शेवटी कॉलेजातल्या आरओटीसी कॅडेटांचे प्रमुख झाले आणि १९५८ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून बाहेर पडले. पुढे जॉइंट चीफ्सचा, म्हणजे सगळ्या दलांच्या प्रमुखांच्या मंडळाचा, अध्यक्ष झालेला पहिला आरओटीसीवाला म्हणजे हेच.

त्या कॉलेजातलं फुकट शिक्षण १९७६ मध्ये, शहर दिवाळखोरीच्या दारात असताना, बंद झालं. आरओटीसी तर त्याच्याही आधी, व्हिएतनामविरोधी वातावरणात कॅम्पसवरून गेलं होतं, ते परत आलं थेट २०१३ मध्ये. म्हणजे पॉवेल पंचवीस वर्षं उशिरा जन्मले असते तर या दोन्ही गोष्टी त्यांना त्या कॉलेजात मिळाल्या नसत्या. नशीब नशीब म्हणतात ते असं असतं, आणि ते कुणीतरी बजेटमध्ये पैसे ठेवले म्हणून असतं.

दुसरी गोष्ट सैन्यातल्या भेदभावाची. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकन आर्मीत काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या, ऑफिसर बहुतेक गोरे. २६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ९९८१ नंबरचा आदेश काढला की सैन्यात वंशावरून भेद चालणार नाही, सगळ्यांना समान वागणूक. आदेश निघाला म्हणून लगेच झालं असं नाही, वरिष्ठ जनरलांनी बराच वेळ ओढलं, कोरियन युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा खरा वेग आला आणि शेवटची फक्त काळ्यांची पलटण १९५४ मध्ये बंद झाली. पॉवेल आले १९५८ ला. नुकताच रस्ता मोकळा झालेला.

पण छावणीच्या गेटबाहेर जुनंच राज्य चालू होतं, हे विसरायला नको. १९६२ च्या ऑगस्टमध्ये लग्न झालं, त्याच वर्षाच्या शेवटी पॉवेल सल्लागार म्हणून व्हिएतनामला गेले, अ शाऊ खोऱ्यात दक्षिण व्हिएतनामी सैन्याबरोबर जंगलात गस्त घालत होते, तिथे जमिनीत पुरलेला विषारी बांबूचा खिळा पायातून आरपार गेला. आणि त्याच १९६३ साली बायको अल्मा माहेरी बर्मिंगहॅम, अलाबामामध्ये बाळ घेऊन राहात होती, जिथे नागरी हक्कांच्या मोर्चांवर पोलीस कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडत होते आणि सासरे रात्री बंदूक जवळ घेऊन घराची राखण करत होते. नवरा तिकडे देशासाठी लढतोय आणि त्याच्या घराला त्याच देशातल्या माणसांपासून राखायची वेळ. परत आल्यावर जॉर्जियातल्या कोलंबस गावात एका ड्राइव्ह-इनमध्ये हॅमबर्गर मागितला तर वेट्रेस म्हणाली काळ्यांना समोरून देता येणार नाही, मागच्या खिडकीतून देते. ते न घेता निघून गेले. जुलै १९६४ मध्ये सिव्हिल राइट्स ॲक्ट, म्हणजे हॉटेलांसारख्या ठिकाणी वंशावरून भेद करायला बंदी घालणारा कायदा, झाला, मग परत तिथेच गेले आणि बर्गर घेतला. कायदा काय करतो ते समजवायला मला याच्याइतकं साधं उदाहरण दुसरं सापडत नाही.

व्हिएतनामची दुसरी फेरी १९६८-६९ ची. हेलिकॉप्टर कोसळलं तेव्हा स्वतः जखमी असताना जळत्या मलब्यातून सहकाऱ्यांना ओढून काढलं, त्यासाठी सोल्जर्स मेडल मिळालं. याच फेरीत दुसरंही एक प्रकरण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एका तरुण सैनिकाने वर पत्र लिहिलं होतं की आपली डिव्हिजन व्हिएतनामी नागरिकांना क्रूरपणे वागवते. माय लाय गावातल्या निःशस्त्र नागरिकांचं हत्याकांड त्याच डिव्हिजनच्या माणसांनी मार्च १९६८ मध्ये, म्हणजे पॉवेल तिथे पोचायच्या आधी, केलेलं होतं पण अजून बाहेर आलं नव्हतं. पत्राची चौकशी मेजर पॉवेल यांच्याकडे आली आणि त्यांनी उत्तर लिहिलं की सैनिकांचे लोकांशी संबंध उत्तम आहेत. पत्र लिहिणाऱ्याशी ते बोललेही नाहीत. वरच्यांना जे ऐकायचंय त्याला धरून चालायची ही सवय पुढे ३५ वर्षांनी महागात पडली असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता वॉशिंग्टन. रणांगणावरचा चांगला ऑफिसर आणि सरकारात चालणारा ऑफिसर यात फरक असतो, आणि पॉवेल यांना दुसऱ्या प्रकारात नेलं ते व्हाइट हाउस फेलोशिपने. ही योजना १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात सुरू झाली, तरुण मंडळींना एक वर्ष सरकारच्या अगदी वरच्या ऑफिसात काम करायला मिळतं. त्याआधी स्टाफ कॉलेजात १,२०० हून अधिक जणांच्या वर्गात दुसरा नंबर काढला होता, आर्मीच्या खर्चाने एमबीए केलं होतं. १९७२-७३ मध्ये फेलो म्हणून त्यांना बजेटचं ऑफिस मिळालं, जिथे प्रत्येक खात्याचा खर्च तपासला जातो. तिथले बॉस होते कॅस्पर वाइनबर्गर आणि फ्रँक कार्लुची. ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात दोघंही एकापाठोपाठ संरक्षणमंत्री झाले आणि दोघांनीही पॉवेल यांना बोलावून घेतलं. ओळखीवर झालं असं कुणी म्हणेल, तर थोडं तसंच झालं, पण ओळख व्हायला आधी त्या खोलीत जायला मिळालं पाहिजे, आणि साउथ ब्रॉन्क्सच्या पोराला त्या खोलीत जायची दुसरी कुठली वाट नव्हती.

प्रमोशनचंही तसंच. कर्नलपर्यंत बरेच पोचतात, पहिला स्टार, म्हणजे जनरलची सगळ्यात खालची पायरी, मिळायला बोर्ड बसतं आणि तिथे बहुतेक जण थांबतात. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या काळात आर्मीचे सेक्रेटरी, म्हणजे आर्मीचं खातं सांभाळणारे, क्लिफर्ड अलेक्झांडर होते, त्या पदावरचे पहिले काळे गृहस्थ. त्यांच्याकडे जनरलच्या प्रमोशनची यादी आली त्यात काळी माणसं दिसेनात, तेव्हा त्यांनी यादी परत पाठवली की ज्यांच्या फाइलमध्ये जुन्या भेदभावाचे शेरे आहेत त्यांचे ते शेरे बाजूला ठेवून पुन्हा बघा. त्यांच्याच कार्यकाळात १९७९ मध्ये पॉवेल ब्रिगेडियर जनरल झाले, वय ४२. पुढे स्वतः पॉवेल रिपब्लिकन पक्षात असूनही अशा धोरणांची उघड बाजू घेत राहिले, पक्षाच्या अधिवेशनातसुद्धा, आणि याचं मला कौतुक वाटतं, कारण वर पोचल्यावर बरेच जण आपण एकटेच चढून आलो असं सांगायला लागतात.

१९८६ मध्ये ते फ्रँकफर्टला कोअर कमांडर झाले, सैनिकाला हवं असतं ते काम. तेवढ्यात इराण-काँट्रा प्रकरण फुटलं, म्हणजे व्हाइट हाउसमधल्या लोकांनी गुपचूप इराणला शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वाच्या बंडखोरांकडे वळवलेला. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं ऑफिस साफ करायला कार्लुचींना आणलं आणि त्यांना नंबर दोनला पॉवेल हवे होते. पॉवेल यांची जायची इच्छा नव्हती, शेवटी रेगन यांनी स्वतः फोन केला. नोव्हेंबर १९८७ मध्ये कार्लुची संरक्षणमंत्री झाले आणि पॉवेल राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार, तेही वर्दीत असताना. आपल्याकडे चालू नोकरीतला जनरल पंतप्रधानांचा सुरक्षा सल्लागार झालेला नाही. तिकडेही यावर टीका झाली, कारण कार्लुचींच्या आधीचे सुरक्षा सल्लागार पॉइंडेक्स्टरही नौदलात चालू नोकरीत होते आणि त्यांच्याच हाताखाली हे प्रकरण घडलं होतं.

आता तो कायदा. अमेरिकेत त्या काळी आर्मी, नेव्ही, एअर फोर्स, मरीन यांचे प्रमुख मिळून जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफ, आणि त्यांचा एक अध्यक्ष. पूर्वी अध्यक्षाने सगळ्यांचं मिळून एकमताचं मत सांगायचं, मग ते मत इतकं गुळमुळीत व्हायचं की राष्ट्राध्यक्षाला त्याचा उपयोग नाही. एप्रिल १९८० मध्ये इराणमधल्या ओलिसांना सोडवायची मोहीम वाळवंटातच फसली, ८ जण मेले, १९८३ मध्ये ग्रेनेडात वेगवेगळ्या दलांना एकमेकांशी नीट बोलताही येईना. मग १९८६ मध्ये गोल्डवॉटर-निकोल्स कायदा आला. त्याने सांगितलं की राष्ट्राध्यक्षाचा मुख्य लष्करी सल्लागार एकटा अध्यक्ष, त्याने स्वतःचं मत द्यायचं. पण सैन्याला हुकूम द्यायचा अधिकार त्याला नाही, तो राष्ट्राध्यक्ष, संरक्षणमंत्री आणि तिथून थेट त्या त्या भागाच्या कमांडरकडे जातो. आपल्याकडे २०२० पासून जे सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) पद आलं, त्याच्या मागे असाच विचार आहे, एक सल्लागार, तिन्ही दलांना जोडणारा.

१ ऑक्टोबर १९८९ ला पॉवेल अध्यक्ष झाले, ५२ व्या वर्षी, तोपर्यंतचे सगळ्यात तरुण आणि पहिले काळे, बऱ्याच सीनियर जनरलांना मागे टाकून. नवीन कायद्याची पूर्ण ताकद वापरणारा पहिला अध्यक्ष म्हणजे पॉवेल. वॉशिंग्टन कसं चालतं हे आधीच माहिती, प्रेससमोर बोलायची हातोटी, त्यात हा कायदा, म्हणून ते आधीच्यांपेक्षा खूप वजनदार ठरले. १९९१ च्या आखाती युद्धात ५ लाखांवर अमेरिकन सैनिक उतरवले, जमिनीवरची लढाई १०० तासांत संपली. यामागे जो विचार होता त्याला पुढे पॉवेल डॉक्ट्रिन म्हणायला लागले: देशाचं खरंच महत्त्वाचं हित आहे का, उद्दिष्ट स्पष्ट आहे का, बाकीचे सगळे उपाय करून झाले का, लोकांचा पाठिंबा आहे का, बाहेर कसं पडणार ते ठरलंय का, आणि एवढं सगळं हो असेल तर मग पूर्ण ताकदीने उतरा. व्हिएतनाममध्ये यातलं एकही नव्हतं, ते बघितलेल्या माणसाचे हे प्रश्न आहेत.

१९९३ ला रिटायर झाले. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहा म्हणून प्रचंड दबाव होता, पोलमध्ये नाव वर होतं, नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. मग जानेवारी २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी परराष्ट्रमंत्री केलं. इथे आपल्या वाचकांना एक गोष्ट वेगळी वाटेल. अमेरिकेत मंत्री निवडून आलेला नसतो, खासदार असेल तर मंत्री होण्याआधी खासदारकी सोडावी लागते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट चौकशी करून मंजुरी देते, पॉवेल यांना ती एकमुखाने मिळाली. राष्ट्राध्यक्षाच्या वारसाच्या क्रमात हे पद चौथं. आणि मंत्र्याच्या मागे मतदारसंघ नसतो, राष्ट्राध्यक्षाची मर्जी हीच त्याची ताकद. संरक्षणमंत्री व्हायला रिटायर झाल्यापासून ठराविक वर्षं जावी लागतात, तेव्हा १० होती, २००८ मध्ये ७ झाली, पुढे जनरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी परत १० केली, त्यातून सूट हवी तर संसदेने कायदा करायचा, मार्शल, मॅटिस आणि ऑस्टिन यांच्यासाठी तसा केला गेला. परराष्ट्रमंत्र्याला असं बंधन नाही.

भारताशी त्यांचा संबंध जवळून आला तो डिसेंबर २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यानंतर, दोन्ही बाजूंची सैन्यं सीमेवर उभी होती तेव्हा पॉवेल दिल्ली आणि इस्लामाबादच्या फेऱ्या मारत होते, आणि दिल्लीत समोर परराष्ट्रमंत्री होते जसवंत सिंह, तेही माजी मेजर. युद्ध टळलं त्यात या बोलण्यांचा वाटा होता. मार्च २००४ मध्ये मात्र दिल्लीहून इस्लामाबादला जाऊन त्यांनी पाकिस्तानला नाटोबाहेरचा प्रमुख मित्रदेश घोषित केलं, दिल्लीत असताना एक शब्द काढला नव्हता, आणि आपल्या सरकारने नाराजी उघड बोलून दाखवली.

आणि आता ती बाटली. ऑगस्ट २००२ मध्ये पॉवेल यांनी बुश यांना समोर बसून सांगितलं होतं की इराकमध्ये घुसलात तर तो देश, त्यातली माणसं, त्यांचे प्रश्न, सगळं तुमच्या गळ्यात येईल. म्हणजे धोका कळत होता. पण निर्णय झाल्यावर सुरक्षा परिषदेत मांडणी करायला त्यांनाच पाठवलं, कारण त्यांच्या शब्दाला किंमत होती. त्यांनी काही दिवस सीआयएमध्ये बसून मसुदा तपासला, बराच भाग फेकून दिला, ५ फेब्रुवारी २००३ च्या भाषणाला सीआयएच्या प्रमुखांना मुद्दाम मागे बसवलं. तरी जे उरलं त्यातलंही मुख्य खोटं निघालं. फिरत्या ट्रकमधल्या जैविक प्रयोगशाळांची गोष्ट एका अविश्वसनीय खबऱ्याच्या सांगण्यावर उभी होती, आणि अणुबॉम्बच्या कामासाठी आणल्या असं सांगितलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांबद्दल तर त्यांच्या स्वतःच्या खात्याच्या गुप्तचर विभागालाच शंका होती. त्या नळ्या तरीही भाषणात राहिल्या. २००५ मध्ये त्यांनी टीव्हीवर मान्य केलं की हा आपल्या नावावरचा डाग आहे आणि तो राहणार.

त्यांनी राजीनामा का दिला नाही, हा प्रश्न २०२१ मध्ये ते गेले तेव्हाही परत विचारला गेला. माझं उत्तर असं आहे की ३५ वर्षं वर्दीत राहिलेला माणूस आपलं मत बंद दाराआड सांगतो आणि निर्णय झाला की तो अंमलात आणतो, सैन्यात हा गुणच आहे आणि याच गुणावर ते इतके वर गेले. मंत्र्याचं काम वेगळं असतं, तिथे जाहीरपणे नाही म्हणणं, प्रसंगी खुर्ची सोडणं हाही कामाचाच भाग असतो. पॉवेल यांना हे पेलायला हवं होतं, त्यांच्याकडे तेवढी प्रतिष्ठा होती आणि पॉवेल डॉक्ट्रिनमधले त्यांचे स्वतःचेच प्रश्न समोर होते. आपल्याकडेही आता माजी सेनाधिकारी राजकारणात येतायत, व्ही. के. सिंह २०१२ मध्ये लष्करप्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि २०१४ मध्ये गाझियाबादमधून निवडून येऊन मंत्री झाले. निवृत्त अधिकाऱ्याला खासगी कंपनीत जायला वर्षभर सरकारची परवानगी लागते, निवडणुकीला असं कुठलंच बंधन नाही. यायला हरकत नाही, पण मध्ये काही वर्षं जाऊ द्यावीत असा नियम आपणही करायला हवा असं मला वाटतं, हुकूम पाळायची सवय उतरायला तेवढा वेळ लागतोच.